बिबट्याला हात न लावता होणाऱ्या अभ्यासाला देणगी द्यायची तर

प्रश्न असा आहे: "आमचे वडील निफाड तालुक्यात द्राक्षाची शेती करायचे. गेल्या वर्षी ते गेले. त्यांना बिबट्याचं फार अप्रूप होतं. मळ्यात कधी दिसला, पायाचे ठसे कुठे उमटले, कुत्रं कधी नेलं, सगळं ते वहीत लिहून ठेवायचे. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आम्ही तिघं भावंडं मिळून दीड लाख रुपये वन्यप्राण्यांच्या अभ्यासासाठी द्यायचं म्हणतोय. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. अट एकच, की प्राण्याला पकडणं, बेशुद्ध करणं, गळ्यात पट्टा घालणं यात हा पैसा जाऊ नये. कोणाला द्यावा आणि काय बघून द्यावा?"

ताई, आधी थेट उत्तर देतो. हा पैसा यंत्राला देऊ नका, माणसाच्या पायपिटीला द्या. आणि दीड लाख एकदम देण्याऐवजी तीन वर्षं पन्नास-पन्नास हजार द्या. निफाड, सिन्नर आणि इगतपुरीच्या शिवारांत मी गेली अठरा वर्षं बिबट्याची विष्ठा गोळा करतोय, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतोय. देणगीचा पैसा कुठे कामी येतो आणि कुठे कपाटात पडून राहतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

कपाटाची गोष्ट खरी आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आम्हाला बारा कॅमेरे दिले. छोटा समारंभ झाला, प्रत्येक कॅमेऱ्याच्या पेटीवर नावाची पट्टी लागली, आम्हालाही खूप आनंद झाला. पहिला हिवाळा उत्तम गेला. दुसऱ्या वर्षी सेल घ्यायला पैसे नव्हते, आणि आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर फिरून कार्डं बदलणाऱ्या मुलाला द्यायलाही नव्हते. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की पगार आणि पेट्रोल त्यांच्या नियमात बसत नाही, हवे तर आणखी कॅमेरे देऊ. ते बारा कॅमेरे पुढचे सोळा महिने लोखंडी कपाटात होते. त्या सोळा महिन्यांत त्या शिवारात काय घडलं ते आता कधीच कळणार नाही. हातून गेलेला हंगाम परत भरून काढता येत नाही, आणि मला आजही त्याचीच सगळ्यात जास्त हळहळ वाटते.

आता तुमच्या अटीकडे येतो. प्राण्याला हात न लावता अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे माहीत असलं की पैसा कशावर खर्च होतो तेही उमगतं.

बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. दोन बिबट्यांचे कधी जुळत नाहीत, आणि एकाच बिबट्याच्या डाव्या-उजव्या कुशीवरचेही वेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधायचे. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचे फोटो एकाच वेळी मिळतात. असे साधारण दीड-दोन महिने कॅमेरे ठेवले, कोणता बिबट्या किती वेळा आणि कुठे आला ते मांडलं, की दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचाही अंदाज गणिताने काढता येतो. वाघांसाठी ही पद्धत आपल्याकडे वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत १९९० च्या दशकात वापरली. पुढे राजस्थानातल्या सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा नुसत्या पाऊलखुणांवरून होणाऱ्या गणनेवरचा विश्वास उडाला आणि देशभरच्या व्याघ्रगणनेत कॅमेरे आले.

आपल्या शेजारी, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांवर हे काम झालं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभयारण्यात नाही, तर ऊस, मका आणि वस्त्यांच्या मधोमध कॅमेरे लावले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि जवळपास तेवढेच तरस. तोवर बहुतेकांची समजूत अशी की शेतात दिसलेला बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला असतो. तो तिथलाच रहिवासी आहे, पिलं तिथेच वाढवतो, हे त्या फोटोंनी दाखवून दिलं. तुमच्या वडिलांना हे कोणी सांगायची गरज पडली नसती, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

कॅमेऱ्यापेक्षा मला स्वतःला विष्ठेचं काम जास्त आवडतं, आणि देणगीदार नेमकं याच्याकडेच पाठ फिरवतात. बांधावर, पायवाटांच्या तिठ्यावर, पाटाच्या कडेला बिबट्या मुद्दाम विष्ठा टाकतो. ती त्याच्या हद्दीची खूण असते. म्हणून आम्ही सगळी उचलत नाही. लागेल तेवढा तुकडा घेतो आणि बाकी जागेवरच ठेवतो, नाहीतर त्याची खूण पुसली जाते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तिला चिकटून आलेल्या असतात. त्यांतून डीएनए काढला की जनावर बिबट्याच का, नर की मादी, आणि मागच्या महिन्यात नोंदलेलाच का, हे कळतं. ऊन आणि पाऊस दोन्ही डीएनए खराब करतात, म्हणून ताजी विष्ठा हवी, ती लगेच कोरडी करायला हवी, आणि म्हणून रोज चालणारा माणूस हवा. उरलेली विष्ठा चाळणीत धुवायची आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. शेळीचा, कुत्र्याचा, डुकराचा, उंदराचा केस वेगवेगळा ओळखू येतो. अकोल्याच्या त्याच भागात असा अभ्यास झाला तेव्हा बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. गावात उघड्यावर पडणारा कचरा, त्यावर पोसणारी कुत्री आणि त्यामागे येणारा बिबट्या ही साखळी विष्ठेतल्या केसांनी दाखवली. यात एकाही बिबट्याला कोणी स्पर्श केला नव्हता.

या कामात मोठा खर्च प्रयोगशाळेचा आणि चालणाऱ्या माणसाचा. आमच्यासोबत इगतपुरीच्या डोंगरातला एक महादेव कोळी तरुण आहे. त्याच्या घरी आजही वाघबारस होते, वाघोबाला नारळ फोडतात. बारा पावलांवरून तो सांगतो की ही विष्ठा कुत्र्याची आहे, थांबू नका. प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांत चुकीचे किती निघतात यावर आमचा अर्धा खर्च ठरतो, आणि हा मुलगा चुकीचे नमुने येऊच देत नाही. शोधनिबंधात त्याचं नाव शेवटच्या आभारात येतं. माझ्या मते ते लेखकांच्या यादीत यायला हवं, आणि आमच्या पुढच्या कामात येईल. ज्या गटाला तुम्ही पैसे द्याल त्यांना विचारा: तुमच्याकडे चालणारी माणसं कोण, त्यांना महिन्याला काय देता, त्यांचा अपघात विमा आहे का? उत्तर अडखळत आलं तर तिथे घाई करू नका.

पन्नास हजारांचा हिशेब याच्याशीच जोडलेला आहे. आमच्याकडे असा सहाय्यक महिन्याला बारा-तेरा हजारांच्या आसपास घेतो. म्हणजे तुमच्या पन्नास हजारांत डिसेंबर ते मार्च असे चार कोरडे महिने निघतात, आणि नमुने टिकतात ते याच महिन्यांत. तीन वर्षं ओळीने असं झालं तर एकाच शिवारातले तीन हिवाळे शेजारी ठेवून बघता येतात: तीच मादी टिकली का, तिची पिलं कुठे गेली, ऊस कमी झाल्यावर ती काय खाते. एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच ठामपणे सांगता येत नाही, पण वर्तमानपत्रात बातमी मात्र एकाच वर्षाच्या आकड्याची होते. म्हणून बहुतेक देणग्या पहिल्या वर्षाला मिळतात आणि तिसऱ्या वर्षाला कोणी वाली नसतो. तुम्ही तो व्हा.

असल्या अभ्यासाचा उपयोग काय, हे घरातलं कोणी विचारेल. त्यांना जुन्नरचं सांगा. या शतकाच्या सुरुवातीला तिथे बिबटे पकडून दूर नेऊन सोडायचा धडाका लागला होता. लोकांची मागणी तीच होती, आजही निफाड-सिन्नरमध्ये पहिली मागणी 'पिंजरा लावा' हीच असते. नंतर हल्ल्यांच्या सरकारी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत होते, तर बिबटे दूर नेऊन सोडणं जोरात असलेल्या २००१ ते २००३ या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, घाबरलेलं जनावर आणि मोकळ्या झालेल्या हद्दीत घुसणारं नवं जनावर, दोन्ही धोक्याचे. हा निष्कर्ष मुख्यतः जुन्या रजिस्टरांतून निघाला. पंचनाम्याचे कागद वाचणं हीसुद्धा हात न लावता केलेली संशोधनाची पद्धतच आहे. मात्र एक विनंती. ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्या घरात जाऊन हे आकडे सांगू नयेत. तिथे आधी भरपाईचे कागद पूर्ण करायला मदत करावी, अंगणात दिवा लावून द्यावा, आणि गप्प बसावं.

तुमच्या अटीबद्दल थोडं वेगळं मतही मांडतो. पट्ट्याचा अभ्यास वाईटच, असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला, जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव पडलं आजोबा. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. माणसांच्या एवढ्या दाटीतून एकाही माणसाला धक्का न लावता गेला, हे विष्ठेतून कधी कळलं नसतं. पण तो बिबट्या पकडला गेला तो विहिरीत पडल्यामुळे, आणि ते काम वनखात्याच्या परवानगीने, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली झालं. तुमची अट योग्यच आहे, कारण छोट्या देणगीदाराला बेशुद्धीच्या कामावर लक्ष ठेवणं शक्य नसतं. ती देणगीच्या पत्रात स्पष्ट लिहा: "ही रक्कम कॅमेरा, विष्ठा, ठसे, नोंदी आणि मुलाखती यांवर आधारित अभ्यासासाठीच वापरावी, जनावर पकडणे, बेशुद्ध करणे किंवा पट्टा घालणे यासाठी वापरू नये." विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम हिशेबात वेगळी दाखवायला सांगा.

नावाला हात न लावणारी, पण प्रत्यक्षात त्रास देणारी कामंही असतात. घरट्यांवर ड्रोन उडवणं, पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर त्याची शीळ पुन्हा पुन्हा वाजवणं, बिबट्याच्या गुहेजवळ रोज कॅमेरा तपासायला जाणं. ऑगस्ट २०२० मध्ये इगतपुरी तालुक्यात एका झोपडीत मादीने चार पिलं घातली होती. तिथे शहाणपण एवढंच होतं की माणसांनी लांब राहायचं, कॅमेऱ्यातून बघायचं आणि तिला तिच्या वेळेने पिलं हलवू द्यायची. ऊसतोडीत फडात पिलं सापडतात तेव्हाही हेच करतात: पिलं त्याच जागी खोक्यात ठेवायची, कॅमेरा लावायचा, रात्री आई येऊन घेऊन जाते. पिलांना दूध पाजतानाचे फोटो टाकणाऱ्या गटापेक्षा असं लांब थांबणाऱ्या गटाला पैसे द्या.

आणि माणसांचाही विचार व्हायला हवा. आमच्या कॅमेऱ्यात बिबट्यापेक्षा शेळ्या, मोटरसायकली आणि माणसं हजारपट येतात. पहाटे त्याच वाटेने बायका जातात. कोणाचं कोणाशी भेटणं त्यात टिपलं जातं. आम्ही ग्रामसभेत आधी सांगतो, प्रत्येक कॅमेऱ्याजवळ मराठीत पाटी लावतो आणि माणसांचे फोटो पहिल्याच दिवशी पुसतो. सुरुवातीच्या काळात हे आम्ही पाळलं नव्हतं. एका वस्तीवरच्या आजींनी कॅमेरा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाघाची लाज राखता, आमची कोण राखणार?" त्यानंतर एकाही वर्षी हे चुकवलेलं नाही. संस्थेला हा प्रश्न नक्की विचारा. काम किती नीट आहे हे त्यांच्या उत्तरावरून कळेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावरच्या अभ्यासाला वनखात्याची लेखी परवानगी हवी, आणि राज्यपातळीवर ती नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाकडून येते. परवानगीची प्रत मागा. तिच्यात मुदत, तालुका आणि पद्धत लिहिलेली असते. पद्धतीच्या रकान्यात 'पकडणे' असेल तर तुमची अट तिथेच मोडली. संस्था न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागायला संकोच करू नका. चांगली संस्था रागावत नाही, उलट कोणीतरी वाचतंय याचा तिला आनंद होतो.

८०-जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची आयकर सवलत संस्थेकडे ती नोंदणी असेल तरच मिळते, आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तरच. अशा संस्थांना दिलेल्या देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. तिघांनी आपापल्या खात्यातून दिलं तर पावत्या आपापल्या नावावर येतील. अमेरिकेतल्या भावाचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर तो विदेशी निधी ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ठरतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे विदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसा त्यासाठीच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच जायला हवा. छोट्या स्थानिक गटांकडे ही नोंदणी बहुधा नसते. भावाचा हिस्सा त्यांना 'तुमच्याच खात्यातून फिरवून' द्यायला कोणी सुचवलं, तर नाही म्हणा.

बिबट्याशिवाय थोडं काही करायचं मनात आलं तर गिधाडांकडे बघा. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली. कारण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या जनावराचं मढं त्यांनी खाणं. ते औषध गुरांसाठी २००६ मध्ये बंद झालं, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही झालं. बंदी प्रत्यक्षात पाळली जाते का हे तपासायची पद्धत साधी आहे: गिऱ्हाईक म्हणून गावोगावच्या औषधांच्या दुकानात जायचं, 'गाय लंगडते, काय देऊ' विचारायचं आणि काय मिळालं ते लिहून आणायचं. अंजनेरीच्या कड्यांवर आणि हरसूलच्या खोरीपाड्याकडे दिसणाऱ्या गिधाडांसाठी इतक्या कमी पैशात इतकं उपयोगी दुसरं काम मला माहीत नाही. आणि नांदूर मध्यमेश्वर तर तुमच्याच तालुक्यात आहे, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा. चापडगावच्या मनोऱ्यावरून जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. तिला पैसा फारसा लागत नाही, पहाटे उठणारे डोळे लागतात. तुम्ही भावंडंही जाऊ शकता.

आता तुमच्या पत्रातली ज्या गोष्टीने मी थांबलो ती. वडिलांची वही. तारीख, जागा, काय दिसलं, काय नेलं, हे एका माणसाने एकाच मळ्यात वर्षानुवर्षं लिहून ठेवलं असेल, तर निफाडच्या उसातल्या बिबट्यावर असं लेखन मी अजून पाहिलेलं नाही. कॅमेरे आपल्या भागात अलीकडे आले. त्याआधीचं शिवार कसं होतं, द्राक्षबागा वाढल्या तेव्हा बिबट्या कुठे सरकला, विहिरीला कठडे नव्हते तेव्हा किती पडले, हे विचारायला आता फारसं कोणी उरलेलं नाही. वही कोणालाही देऊन टाकू नका. घरातल्या मुलांना बसवून पानन् पान स्कॅन करा, फिकट झालेली अक्षरं बाजूला पुन्हा लिहून घ्या, त्यांनी वापरलेली मळ्यांची जुनी नावं आजच्या गट क्रमांकांशी जुळवा. हे गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला सोबत घेऊन आत्ताच करा. पिलांच्या किंवा गुहांच्या जागा असतील तर त्या उघड कुठेही टाकू नका. मग ज्या गटाला पैसे द्याल त्यांना एक प्रत द्या आणि लेखी घ्या, की त्यातलं काहीही वापरलं तर वडिलांचं नाव निरीक्षक म्हणून छापलं जाईल. पहिल्या हिवाळ्यात सहाय्यकाने चालायच्या वाटा त्या वहीवरूनच आखायला सांगा.